दर्याला पाठ

वेंगुर्ल्याच्या स्टँडवर रिक्षावाला म्हणाला,
फळ्यांच्या गावाला ना?
मला आधी कळलंच नाही.
मग टमटममध्ये माझ्या गुडघ्यांवर आडवी आली
आठ फुटी निळी फळी,
आणि तिचा मालक, पुण्याचा कुणी दाढीवाला पोरगा,
मागे लटकलेला, वाऱ्यात डोळे मिटून.

गाव म्हणजे एक उतार.
वर शाळा, मध्ये वेताळ, खाली वाळू.
मिठाच्या जुन्या गोदामावर चुन्यानं रंगवलंय :
सर्फ शिका. सोलकढी मिळेल.
शेडमध्ये दाजी खोबरेकर
होडीला लावतात तेच फायबर
फळीच्या भेगेत भरत बसलेले.
राळेचा उग्र वास. मी विचारलं, दोन्हीला एकच?
"होडी काय नि फळी काय,
पाणी खयसून शिरता तां बघूचा. बस."

मी बावन्न वर्षांची.
इचलकरंजीत मागाच्या कारखान्यात
बावीस वर्षं हिशेब लिहिला.
मालकानं माग भंगारात घातले त्या दिवशी
मला नारळ दिला.
खराच. शालीसकट.
तो पिशवीत घालून मी
माडांच्या मुलखात आले, कुणाला न सांगता.

मंथन खोबरेकर, वय तेवीस,
शिकवतो वाळूवर रेघ मारून :
मावशी, पालथ्या पडा. हात छातीशी.
लाटेकडे पाठ.
बघायचं नाही. मी सांगेन तेव्हा उठायचं.

ओट्यावर त्याची आई, सुगंधा,
आमसुलं निवडता निवडता :
"सासरे सांगीत, दर्याक पाठ दाखवची नाय.
आनि ह्यो पैशे घेऊन
तांच शिकयता."

कंबरभर पाण्यात
मी फळीवर पालथी, सुकत घातलेल्या बोंबलासारखी.
समोर किनारा, सुरूची झाडं, एक कुत्रं.
मागे काहीतरी जमत होतं.
ते ऐकू येत नव्हतं, पोटाखाली कळत होतं
(माग सुरू व्हायच्या आधी फरशी कळायची, तसं).
थांबा, म्हणाला. थांबा.
आत्ता!

एकोणीस वेळा पडले.
नाकात मीठ, कानात वाळू,
उसन्या चड्डीच्या खिशात एक जिवंत शिंपलं.
एकदा एक गुडघा आणि एक पाऊल,
एवढी उभी राहिले.
अर्धा धरला.

दहाच्या सुमाराला शिट्टी.
सगळ्या फळ्या पाण्याबाहेर.
रापण लागली होती.
दोन दोर, दोन रांगा,
गाबितवाडीतली म्हातारी माणसं, शाळा बुडवलेली पोरं,
दाढीवाला, मी,
हरमलहून चुकून आलेली एक गोरी बाई,
सगळे टाचा वाळूत रोवून मागे मागे.
इथं मात्र दर्याकडे तोंड.
कुणी हाळी देत नव्हतं. दमच नव्हता.
अर्ध्या तासानं जाळ्याचा घोळ काठाला आला,
वाटलं होतं तेवढा नाही निघाला :
तारली, थोडे बांगडे, एक फुगलेला केंड
जो पोरांनी लगेच परत फेकला.

मी बाजूला सरकले तशी तांडेल म्हणाला,
"खय चल्लात?
जेना दोर धरल्यान, तेका वाटो."

सात तारल्या. दोन बांगडे.
दाढीवाला शाकाहारी निघाला,
त्याचाही वाटा माझ्या टोपीत.
बावीस वर्षांत बोनसची यादी
मीच टाइप करत होते.
अशी एकदाही नव्हती केली.

सुगंधानं रात्री तव्यावर तळून दिले.
बिलात तळणावळ तीस रुपये.
बरोबर लावली.

आता खाट हलतेय, जमिनीवर असून.
कानातला मागाचा खटका आहेच,
फक्त मधल्या फटी लांबल्यात.
उद्याच्या शिकवणीचे पाचशे आगाऊ दिलेत,
भरतीची वेळ शाईनं तळहातावर लिहून ठेवलीय.
मी कुशीवर वळते. तोंड भिंतीकडे,
उघड्या खिडकीकडे पाठ.

थांबा, म्हणतो तो. थांबा.